पवनचक्कीची पट्टी

३ सप्टेंबर, शनिवार

डेवाल्ड आज पडला. दोघंही जिवंत आहेत, हे आधी लिहून ठेवतो.

सकाळी साडेआठला रेडिओवर त्याचा आवाज आला. "इंजिन गेलं. खाली जातोय." एवढंच. मागच्या सीटवर मारिएटा होती, मोजणीची वही मांडीवर घेऊन. नवरा उडवतो आणि बायको मोजते, अशी गेली सहा वर्षं त्यांची जोडी आहे. नदीपलीकडच्या फार्मवर कुडू आणि इम्पाला हरणं मोजायचं काम चालू होतं. या कामात जायरो, म्हणजे डोक्यावर मोकळं पातं असलेलं आमचं दोन सीटचं छोटं विमान, जमिनीपासून जेमतेम दोनशे फुटांवर असतो. इंजिन बंद पडलं तरी वरचं पातं वाऱ्याने फिरत राहतं, जायरो दगडासारखा कोसळत नाही. पण उतरायला मोकळी जागा लागते, आणि खाली नुसत्या बाभळी होत्या.

मी आणि माझा मदतनीस लेसिबा पिकअप घेऊन पोचलो तेव्हा डेवाल्ड गुडघ्यांवर बसला होता. एक हात लोंबकळत होता, दुसऱ्या हाताने त्याने मारिएटाचं डोकं धरलं होतं. ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "एकशे बारा इम्पाला. कुणीतरी लिहून घ्या रे." मग ओरडली. डावा खुबा मोडलाय. डेवाल्डच्या गळ्याजवळचं हाड.

अँब्युलन्स येईपर्यंत तो एकच वाक्य बोलत होता, "मी तीन मिनिटं थांबत नव्हतो, सारेल. मी थांबत नव्हतो."

तीन मिनिटांचा नियम माझाच. उतरल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही; तीन मिनिटं मंद चालू ठेवायचं, म्हणजे तापून लाल झालेल्या टर्बोतून तेल फिरत राहतं आणि तो थंड होतो. तसंच बंद केलं तर आत अडकलेलं तेल जळतं, काजळी धरते, आणि एक दिवस टर्बो जातो. मी टर्बो बसवलेल्या प्रत्येक जायरोच्या पॅनेलवर पिवळं स्टिकर असतं: 'तीन मिनिटं. मग कॉफी.' असे नऊ जायरो आहेत. इथे जमीनच समुद्रापासून चार हजार फूट उंच, त्यात सप्टेंबरचं ऊन. दोन माणसं घेऊन साधं इंजिन धापा टाकतं. म्हणून जास्तीची ताकद देणारा टर्बो बसवून घ्यायला लोक माझ्याकडे येतात.

दुपारी सांगाडा हँगरमध्ये आणला. लेसिबा पलीकडून बॅटरी सोडवत होता. मी मागचं कव्हर उचललं. टर्बोचं वजन पेलणारं ब्रॅकेट बोल्टच्या भोकापाशी तुटलं होतं. मग सगळं वजन एक्झॉस्टच्या पाइपवर आलेलं, पाइप तडकलेला, तडकेतून आलेल्या गरम झोताने शेजारचा ऑइल पाइप जाळलेला. तेल संपलं, इंजिन जाम झालं.

ब्रॅकेटचे दोन्ही तुकडे काढून माझ्या बायकोच्या, एल्नाच्या, टोस्टच्या डब्यात ठेवले. चौकशीचा माणूस येईल तेव्हा सापडायला हवेत.


४ सप्टेंबर, रविवार

काल शेवटी लिहिलेलं वाक्य खोटं आहे. सापडावेत म्हणून ठेवले असते तर कामाच्या टेबलावर ठेवले असते. डबा मी स्वयंपाकघरात आणून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय, एल्ना होती तेव्हा जिथे असायचा तिथेच.

इथे दुसरं कुणी वाचत नाही, तर लिहूनच टाकतो.

ब्रॅकेट स्टेनलेसचं असायला हवं. सहा जायरोंना तसंच आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पत्रा संपला, शहरातून यायला सहा आठवडे लागणार होते, आणि मोजणीचा हंगाम तोंडावर आलेला. आम्हा गोऱ्या शेतकऱ्यांत एक म्हण आहे, बोअर माणूस वाट काढतोच. माझ्या बापाने बैलगाडीच्या धावेतून नांगराचा फाळ केला होता; अजून लोक सांगतात. मीही वाट काढली. डेवाल्डने त्याच्या बापाची मोडकी पवनचक्की भंगार म्हणून मला आणून टाकली होती. तिच्या मनोऱ्याच्या पट्ट्या जाड, सरळ, मजबूत. लेसिबाने सात कापल्या. कापताना म्हणाला होता, "याला जस्ताचा मुलामा आहे." मी म्हटलं, "घासून टाक." त्याने घासला. भोकांच्या आतला राहिला. एक्झॉस्टच्या तापलेल्या स्टेनलेसला जस्त लागू द्यायचं नाही, पाइप ठिसूळ होतो. आणि ते साधं लोखंड त्या उष्णतेत वर्षभर थरथरायच्या लायकीचं नव्हतं. हे मला शिकवायला कुणी नको. मीच दुसऱ्यांना शिकवतो.

सातांतल्या तीन लागल्या. एक डेवाल्डच्या जायरोला, एक माझ्या स्वतःच्या, एक उत्तरेकडच्या वेसेलच्या. स्टेनलेस आल्यावर बदलू म्हटलं होतं. स्टेनलेस आलं. तोवर तिन्ही उत्तम चालत होते.

चर्चमध्ये सगळे डेवाल्डबद्दलच बोलत होते. "त्याच्या बुडाखाली लहानपणापासून मुंग्या," म्हातारी हेस्टर म्हणाली, "माझ्या वर्गात एक तास बसला नाही कधी, तीन मिनिटं काय बसणार!" लोक हसले. मीही हसलो.

परत आल्यावर उरलेल्या चार पट्ट्या रॅकवरून काढल्या आणि पाण्याच्या मोठ्या टाकीत टाकल्या.


६ सप्टेंबर

विमान वाहतूक खात्याकडून अर्ज आला. अशा छोट्या यंत्रांसाठी माणूस येत नाही, अर्जच येतो, आणि तो यंत्राची देखभाल करणारा भरतो. म्हणजे मी.

टर्बो उघडून पाहिला. बेअरिंगमध्ये काजळी होती. एकशे ऐंशी तास चाललेल्या कुठल्याही टर्बोत असते तेवढीच. मी लिहिलं: 'टर्बोच्या बेअरिंगमध्ये जळालेल्या तेलाची काजळी आढळली. चालकाने आपण इंजिन पुरेसं थंड होऊ देत नव्हतो असं स्वतःहून सांगितलं आहे.' एकही शब्द खोटा नाही. तीन वेळा वाचून पाहिला. 'ब्रॅकेट' हा शब्द कुठेही नाही.


८ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यात गेलो. मारिएटाच्या खुब्यात दोन सळया घातल्यात. डेवाल्ड कॉफी आणायला बाहेर गेला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "हा झोपत नाही. खुर्चीत बसून माझ्या पायाकडे बघत राहतो. माझ्याकडे नाही, पायाकडे."

"धक्का बसलाय त्याला."

"मला एक सांग, सारेल. मी मागे असले की घड्याळ लावते. तीन म्हणजे तीन, एक सेकंद कमी नाही. वहीत लिहिते पण. हा म्हणतो, एकटा असताना सहा-सात वेळा थांबलो नाही. सहा-सात वेळांनी होतं असं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

"होऊ शकतं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "तुला माहीत असणार."

डेवाल्ड तीन कप घेऊन आला, एका हाताने, छातीशी धरून. शर्टावर सांडली होती. मला म्हणाला, "तू शंभरदा सांगितलंस गड्या. शंभरदा."

कॉफी पूर्ण प्यायलो. टाकून उठणं बरं दिसलं नसतं.


१० सप्टेंबर

लेसिबाचं काहीतरी बिनसलंय. चोवीस वर्षं आम्ही दुपारचं जेवण एकाच बाकावर खातो. त्याची मक्याची उकड, माझं कालचं उरलेलं. हा आठवडाभर तो टाकीमागे जाऊन एकटा खातोय. आज पाना मागितला तर म्हणाला, "घ्या, मालक."

मालक! एकोणीसशे चौऱ्याण्णवला काळ्यांना पहिल्यांदा मत मिळालं, त्या मतदानाच्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितलं होतं, आजपासून सारेल म्हणायचं, आणि बावीस वर्षांत एकदाही तो चुकला नाही. सवयीने जीभ घसरली असेल. किंवा रजेवरून नाराज असेल. ऑगस्टमध्ये मागितली होती, मी कामामुळे दिली नव्हती.

मला न विचारता त्याने स्टेनलेसचा पत्रा मागवलाय. दुकानदाराचा फोन आला तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणाला, "लागेल."


१२ सप्टेंबर, सोमवार

वेसेलला फोन करायला हवा.

सकाळी फोन हातात घेतला. काय सांगू? 'उडवू नकोस' म्हटलं तर तो 'का' विचारणार. वेसेल तोंडाचा फाटका आहे, चांगला मुलगा, पण त्याला सांगितलं की संध्याकाळी जिल्ह्याला कळलं. मग डेवाल्डला कळलं. मग मारिएटाला.

शिवाय वेसेलचा जायरो फारसा उडत नाही. वर्षात साठ तास झाले असतील. डेवाल्डचा एकशे ऐंशीला तुटला. म्हणजे वेळ आहे. असा हिशेब मी सकाळपासून चार वेळा केला. दरवेळी उत्तर एकच येतं आणि दरवेळी पुन्हा करावासा वाटतो.

'नमुना तपासणीसाठी हवाय' असंही सांगता येईल. उद्या.

माझ्या जायरोवर ताडपत्री टाकलीय. रंग द्यायचाय.


१५ सप्टेंबर

फोन केला नाही. दिवसभर वारा होता. वाऱ्यात तो उडवणार नाही.


१७ सप्टेंबर, शनिवार

डेवाल्ड आला. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. मारिएटाला काल घरी सोडलं, कुबड्या घेऊन चार पावलं चालते म्हणाला. मी खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला, सांगाड्याकडे पाठ करून.

चोवीस तारखेची सुट्टी जवळ आलीय. त्या दिवशी दरवर्षी जायरोवाले सगळे आमच्या धावपट्टीवर जमतात, निखाऱ्यावर मांस भाजतात, आणि जेवणाआधी मी अर्धा तास टर्बोच्या निगेवर बोलतो.

"यंदा मला बोलू दे," डेवाल्ड म्हणाला. "तू बोलतोस तेव्हा हे गाढव बियरकडे बघत असतात. मी उभा राहिलो तर ऐकतील. सांगतो त्यांना, मी तीन मिनिटं वाचवली आणि बायकोचा खुबा मोडला."

"कशाला स्वतःला…"

"कशाला म्हणजे? पुढच्याची बायको तरी वाचेल." खिशातून घडी केलेला कागद काढला. "तांत्रिक काही चुकलं असेल तर बघ. तुझ्यासमोर येडा ठरायला नको."

एक पान होतं. त्याचं अक्षर पाचवीतल्या मुलासारखं आहे. 'टर्बो थंड व्हायच्या आधी मी इंजिन बंद करत असे, कारण मला घाई असे. घाई कसली, हे आता आठवत नाही.'

मी पेन घेतला. तापमानाचा आकडा त्याने कमी लिहिला होता, तो सुधारला. 'ऑइल सील' लिहिलं होतं तिथे 'बेअरिंग' केलं. दोन दुरुस्त्या करून कागद परत दिला.

"झकास," तो म्हणाला. "आता पक्कं झालं."

तो गेल्यावर लक्षात आलं की लेसिबा सगळा वेळ लेथपाशी उभा होता आणि लेथ बंद होतं.


१८ सप्टेंबर, रविवार

लेसिबाने पिकअप मागितली. उत्तरेला कुणा मामाचा अंत्यविधी आहे म्हणाला. दिली. संध्याकाळी धुऊन, टाकी भरून आणून लावली. तीनशे दहा किलोमीटर झाले होते. मामा बराच लांबचा असावा.

चर्चला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हटलं.


१९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी हँगर उघडला. कामाच्या टेबलावर, स्वच्छ फडक्यावर, चार पट्ट्या ओळीने मांडलेल्या. ओल्या.

लेसिबा हात पुसत आला. "टाकी साफ केली. सप्टेंबर आहे ना." दरवर्षी सप्टेंबरात तो टाकी रिकामी करून शेवाळ काढतो. चोवीस वर्षं मी ते बघतोय, आणि टाकताना मला आठवलं नाही. "तळाशी हे सापडलं. पवनचक्कीवरून पडलं असेल, नाही का, मालक?"

मी एक पट्टी उचलून पुन्हा ठेवली.

"सात कापल्या होत्या मी," तो म्हणाला. "या चार. एक डेवाल्डची."

"लेसिबा…"

"तुमचा जायरो तीन तारखेपासून जमिनीवर आहे."

"रंग द्यायचाय."

"कुठला रंग?"

हँगरमध्ये रंगाचा एक डबाही नाही. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी बोलेन म्हणून वाट पाहिली, आणि मग टाकीमागे जेवायला गेला. सकाळचे नऊ वाजले होते.

स्वतःचा जायरो मी पहिल्याच दिवशी बंद केला. याचा अर्थ मला त्याच दिवशी कळत होता. रंगाचं नाव मी वेसेलला फसवायला काढलं नव्हतं, तो इथे येतच नाही. ते मला सांगण्यासाठीच होतं.

आणखी एक राहिलंय. ते लिहिल्याशिवाय वही मिटवायची नाही असं ठरवून बसलोय. जुलैत डेवाल्डच्या जायरोची पन्नास तासांची तपासणी केली, तेव्हा आरसा आणि टॉर्च घेऊन मागे पाहिलं होतं. ब्रॅकेटच्या बोल्टभोवती काळा पट्टा होता, बोटाएवढा. काजळी तिथे आपोआप येत नाही. कुठूनतरी झोत गळत असेल तरच येते. मी खिशातलं फडकं काढून तो पुसला. पुसल्यावर काही दिसेना. वहीत टिकमार्क केली. डेवाल्ड बाहेर उभा राहून विचारत होता, "झालं का, गड्या? कुडू म्हातारे होतील." मी म्हटलं, "झालं."


२१ सप्टेंबर

वेसेलला पाच वेळा फोन केला. बंद. म्हणजे तो शेतावर आहे किंवा वर आहे. काल-आज वारा नाही. उडवायला उत्तम दिवस.

सहाव्यांदा बंद. उद्या पहाटे निघतो.


२२ सप्टेंबर, गुरुवार

दीडशे किलोमीटर. सबंध रस्ताभर मी आकाशाकडे बघत होतो. एकदा गिधाडं घिरट्या घालताना दिसली आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मेलेलं हरीण होतं.

वेसेल गोठ्यासमोर ट्रॅक्टरखाली आडवा होता. पाय ओढून बाहेर आला आणि नेहमीसारखी काका म्हणून हाक मारली. "ऊम सारेल! अहो, केवढ्या लवकर! कॉफी टाकायला सांगतो. फोन ना, माझा फोन गायीने तुडवला सोमवारी."

"जायरो कुठाय?"

"कुठे म्हणजे? तुम्ही ठेवायला सांगितलात तिथे."

शेडमध्ये नेलं. जायरो लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला. मागचं कव्हर काढलेलं. टर्बो तारेने बांधून टांगलेला आणि ब्रॅकेटच्या जागी रिकामी भोकं. पॅनेलवर पिवळ्या स्टिकरच्या बाजूला चिकटपट्टीने कागद लावलेला: 'उडवू नये. सारेल.' अक्षर माझं नव्हतं.

"लेसिबाने पाच तारखेलाच फोन केला," वेसेल सांगत होता. "म्हणाला, सारेल म्हणतो ब्रॅकेट बघितल्याशिवाय हात लावू नको. रविवारी स्वतः आला, काढून घेऊन गेला, नवीन स्टेनलेसचं करून आणतो म्हणाला. मी बायकोला म्हटलं पण, ऊमनी स्वतः का नाही फोन केला? ती म्हणाली, त्यांचं मन मारिएटापाशी असेल, छळू नकोस." तो हसला. "थँक्यू हं, ऊम. तीन पोरं आहेत मला."

त्याची बायको टोस्ट घेऊन आली. त्यातला एक मी कॉफीत बुडवला आणि तो तसाच कपात विरघळला.

परत आलो तेव्हा लेसिबा लेथवर होता. मी म्हटलं, "वेसेलकडे जाऊन आलो."

"उशीर केलात."

"तू मला का नाही सांगितलंस?"

त्याने लेथ बंद केलं. "काय सांगायचं? तुम्हाला माहीत होतं. पट्टी मी कापली होती. तुम्ही घास म्हणालात, मी घासली, आणि गप्प बसलो. वेसेल पडला असता तर ते माझ्याही डोक्यावर होतं. तेवढं मी उतरवलं."

"आणि डेवाल्ड?"

"डेवाल्डला मी फोन करू? तुमच्या नावाने?" हे तो चिडून बोलला नाही. खरंच विचारल्यासारखा बोलला. "ते काम मला जमणार नाही, मालक."

लेथ पुन्हा सुरू झालं.


२४ सप्टेंबर, शनिवार

जमेल तसं लिहितो.

एकतीस जायरो आले होते. माणसं पन्नास-साठ. निखारे पेटलेले, सॉसेजचा वास, मुलं सांगाड्याभोवती गोळा होऊन कुजबुजत होती. मारिएटा सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीत, कुबड्या आडव्या मांडीवर. मी टोस्टचा डबा पिकअपमध्ये ठेवला होता. सकाळी डेवाल्डला बाजूला घ्यायचं असं ठरवलं होतं. तो आला तेव्हा भोवती दहाजण. मग कॉफीनंतर ठरवलं. मग त्याला हाक आली आणि तो कागद घेऊन उभा राहिला.

"तुम्ही मला ओळखता," त्याने वाचायला सुरुवात केली. "मी तो, ज्याच्या बुडाखाली मुंग्या आहेत."

लोक हसले. तोही थोडा हसला. मग म्हणाला, "सारेलने मला तीन मिनिटं थांबायला सांगितलं होतं…"

मी म्हटलं, "थांब, डेवाल्ड."

आवाज मोठा निघाला असावा. सगळे वळले. मी पिकअपपाशी गेलो, डबा आणला आणि टेबलावर उघडला. म्हटलं, टर्बो तुझ्यामुळे गेला नाही. हे ब्रॅकेट तुटलं. स्टेनलेसचं हवं होतं, मी लोखंडाचं केलं. जुलैत काजळी दिसली, ती मी पुसली. अर्जात हे लिहिलं नाही. बस, एवढंच बोललो. पाठ केलं होतं ते याहून बरंच लांब होतं.

निखाऱ्यावर चरबी तडतडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, सारेल."

डेवाल्डने कागद खाली ठेवला. तुकडा उचलला, उलटा केला, भोकावरून अंगठा फिरवला. कडेला जुना हिरवा रंग थोडा राहिला होता. तो बराच वेळ त्या रंगाकडे पाहत होता.

"ही आमची पवनचक्की," तो म्हणाला. "बाबांची."

"हो."

"मीच आणून दिली होती तुला."

चेहऱ्यावर तेच. दवाखान्यातलं, पायाकडे बघण्याचं. तो हेही उचलणार होता, आणि मी गप्प बसलो असतो तर ते त्याच्या खांद्यावर राहिलं असतं.

"तू लोखंड दिलंस," मी म्हटलं. "ब्रॅकेट मी केलं. त्यात तुझं काही नाही. यातलं काहीच तुझं नाही."

त्याने तुकडा डब्यात ठेवला. हळू, आवाज न करता.

मारिएटाने खुर्चीतूनच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

"मी दवाखान्यात विचारलं होतं तुला."

"हो."

"मी घड्याळ लावायचे, म्हणून सांगितलं होतं."

"हो."

ती कुबड्या सावरत उठायला लागली. डेवाल्ड धावला. तिने त्याच्या चांगल्या हाताला धरलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. "घरी चल," ती म्हणाली. गाडीपर्यंत ती दोघं फार सावकाश गेली, आणि आम्ही साठ माणसं बघत उभी होतो.

जेवायला कुणी थांबलं नाही. एकेक जायरो उडून गेला. मांस लेसिबा आणि मी आवरलं.


२७ सप्टेंबर, मंगळवार

खात्याला नवा अर्ज पाठवला, जुन्याची प्रत जोडून. ब्रॅकेटचे तुकडे, चार पट्ट्या, फोटो, सगळं. तपासणीची माझी सही आता चालणार नाही. ते परवाना काढून घेतीलच, मी तो आधीच परत केला. बाकीच्या सहाजणांना फोन करून सांगितलं की त्यांची ब्रॅकेट्स स्टेनलेसची आहेत, तरी दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्या. दोघांनी आभार मानले. एकाने काही न बोलता फोन ठेवला. म्हातारी हेस्टर भाजीच्या दुकानात भेटली आणि बटाट्यांकडे बघत राहिली. डेवाल्डवर हसलो होतो ते तिलाही आठवत असावं.


१ ऑक्टोबर, शनिवार

लेसिबाने दोन नवी ब्रॅकेट्स केली, वेसेलसाठी आणि माझ्यासाठी. स्टेनलेस, वळणाला गोलाई, भोकं स्वच्छ. नेहमीसारखी मला दाखवायला आणली. मी म्हटलं, "माझी सही चालत नाही आता."

"सही मागतच नाही मी," तो म्हणाला. "बघायला सांगतोय. डोळे आहेत ना?"

आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं. फडकं टेबलावरच ठेवलं.

दुपारी मारिएटाचा फोन आला. मी नाव सांगायच्या आत ती बोलायला लागली, यादी वाचल्यासारखी. मोजणीची वही सांगाड्यात राहिलीय, सीटखाली असेल. ती हवी. फार्मवाल्याला आकडे द्यायचेत.

"शोधतो."

"डेवाल्ड काल दुपारी झोपला," ती म्हणाली. "चार तास. घोरत होता. वही लेसिबाच्या हाती पाठव. तू अजून येऊ नकोस."

वही सीटच्या खाली, बाभळीच्या काट्यांत अडकलेली मिळाली. पानं चिकटली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी, उतरल्याच्या वेळेसमोर, तिच्या बारीक अक्षरात तेच लिहिलेलं: तीन मिनिटं. तीन मिनिटं. सहा वर्षांची नाही, या एका हंगामाची वही. तरी एकेचाळीस वेळा. चार आठवडे ती माझ्याच हँगरमध्ये पडून होती.

शेवटच्या पानावर इम्पालांचा रकाना रिकामा होता. मी पेन्सिल घेतली आणि तिथे एकशे बारा लिहिलं. मग वाटलं, तिच्या वहीत माझं अक्षर नको. खोडलं, आणि आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवला.

लेसिबा वही घेऊन निघाला. दारात थांबून म्हणाला, "सोमवारी तुझा डबा जरा मोठा आण, सारेल. माझी सून माहेरी गेलीय."